आपले थोर पूर्वज कोण?

कुळाचा अभिमान कोणाला नसतो? कोणाच्या घरी वंशावळीचे बाड असते, तर कोणाच्या भिंतीवर जुनी तलवार. सेलूसारख्या गावात आपल्या मुलांना पणजोबाचे नाव विचारा. बहुतेक मुले गप्प बसतील. मग आपल्याला थोर पूर्वजच नव्हते काय?

परमपूज्य बाबासाहेबांनी 15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भाषणात याचे उत्तर दिले. दीक्षेसाठी नागपूर का निवडले हे सांगताना, बुद्धाचा धम्म पसरविणाऱ्या नाग लोकांचा इतिहास त्यांनी समाजापुढे ठेवला. पुढे 1969-70 च्या उत्खननात विदर्भातच, वैनगंगेकाठी पवनीला, प्राचीन स्तूपांचे अवशेष मिळाले. दान देणाऱ्या उपासकांची नावे तेथे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत.

कोरेगावच्या विजयस्तंभावर 1818 च्या लढाईतील ‘नाक’ हे पद लागलेली शूरांची नावे आहेत. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब तेथे गेले. पण त्याच शूरांच्या वंशजांना इंग्रज सरकारने पुढे लष्करभरती बंद केली. नुसत्या पराक्रमाच्या आठवणीवर समाज उभा राहत नाही. सुभेदार रामजींनी हे ओळखले. हाती पैसा नसला तर लेकींचे दागिने गहाण ठेवून त्यांनी भीमासाठी पुस्तके आणली.

रक्ताचा अभिमान धरला तर जातीचेच दुसरे दार उघडते. तथागत कपिलवस्तूत भिक्षेला निघाले, तेव्हा शुद्धोदनाला वाटले, आपल्या राजवंशाला हे शोभत नाही. तो वंश तुमचा, माझा वंश बुद्धांचा, असे तथागतांनी सांगितले. थोर कुळ आचरणाने ठरते.

या दृष्टीने पाहिले तर आपले थोर पूर्वज दूर नाहीत. 14 ऑक्टोबर 1956 साठी विदर्भातील खेड्यापाड्यांतून माणसे मिळेल त्या वाहनाने, कित्येक पायी, नागपूरला गेली. मजुरी बुडवून, पांढरी वस्त्रे नेसून गेली. त्या पिढीतील फार थोडी माणसे आज हयात आहेत.

तेव्हा मातांनो, भगिनींनो, एक वही करा. चार पिढ्यांची नावे लिहा. आजी-पणजीची आधी लिहा, कारण तीच लवकर विसरली जातात. दीक्षेला कोण गेले, घरात पहिल्यांदा शाळेत कोण गेले, गावकीची कामे कोणी सोडली, हे म्हाताऱ्या माणसांजवळ बसून विचारा. इतरांनी आपला इतिहास लिहिला नाही. आता आपणही लिहिला नाही, तर दोष कोणाला द्यायचा?