अभिजिताचा पंचवीस वर्षांचा प्रवास

आश्विनात पाऊस ओसरला, की रात्री आठच्या सुमारास भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी उभे राहून आम्ही वायव्येस उंच पाहतो. तेथे निळसर शुभ्र अभिजित तारा लुकलुकत असतो. गुरू, शनी हे ग्रह सहसा लुकलुकत नाहीत. त्यांचा प्रकाशही उसना, सूर्याकडून घेतलेला. तारे मात्र स्वयंप्रकाशी. सूर्य हाही एक ताराच. सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावणारा त्याचा प्रकाश सव्वाआठ मिनिटांत आपल्या अंगणात येतो. अभिजिताच्या प्रकाशाला तब्बल २५ वर्षे लागतात! (देवयानी दीर्घिकेच्या प्रकाशाला सुमारे २५ लाख, ते असो.) म्हणजे या रौप्यमहोत्सवी वर्षी दिसणारा किरण तेथून निघाला, तेव्हा आपला न्यास नुकताच स्थापन होत होता, आणि आज हयात नसलेली आपली वडीलधारी मंडळी सतरंजीवर बसून पहिली वर्गणी मोजीत होती.