गिअर पडत नाही? आधी इंजिन बंद करून पाहा



मागच्या पावसाळ्यात राजूरहून वणीला निघालो आणि आमच्या जुन्या पद्मिनीचा गिअरच पडेना. मागे कोळशाच्या ट्रकांची रांग, पुढे चिखल. कशीबशी गाडी एका गॅरेजात नेली. मिस्त्री म्हणाला, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल." उतरवला. आत काही निघाले नाही. क्लचच्या पेडलची ढील वाढली होती, बाहेरचे एक नट फिरवून काम झाले. मजुरी मात्र गेली ती गेलीच.

कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची ही १०८९ सीसीची, चार गिअरची गाडी. तिचे उत्पादन थांबून वीस वर्षांवर काळ लोटला. सुटा भाग शोधताना पायाचे तुकडे पडतात, तेव्हा उगाच खोलाखोल परवडत नाही.

म्हणून पहिली परीक्षा घरच्या अंगणातच करावी. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. बंद इंजिनावर गिअर सहज पडतात, पण चालू इंजिनावर करकरतात, तर क्लच पुरता सुटत नाही असे समजावे. बंद इंजिनावरही दांडा अडत असेल तर दोष दांड्याच्या जोडणीत किंवा गिअरबॉक्समध्ये. पद्मिनीचा दांडा स्टिअरिंगजवळ असतो, तिथून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या जातात. त्यांचे बुश झिजतात. आपल्या राजूरकडे तर कोळशाची आणि चुन्याची धूळ ग्रीसमध्ये बसून त्याची लुगदी होते. आधी ती पुसून नवे ग्रीस द्या. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, असा माझा तरी अनुभव आहे.

आता क्लचकडे. पेडल हाताने दाबून पाहा. सुरुवातीला साधारण इंचभर ते मोकळे जावे. नेमके माप गाडीच्या पुस्तकात असते. ढील फार वाढली तर क्लच सुटत नाही, अजिबात नसेल तर प्लेट घसरते आणि जळते. चढावर इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो, ही घसरण्याचीच खूण. पेडलवर पाय टेकवून गाडी हाकण्याची खोड असेल तर ती आजच सोडा.

ज्या गाड्यांत क्लच तेलावर चालतो, त्यांत दोन-तीनदा पेडल मारल्यावर गिअर पडू लागला तर नळीत हवा शिरली आहे किंवा आतले रबर गेले आहे. तिथे ब्रेक ऑइलच लागते. इंजिन ऑइल ओतलेत तर रबर फुगून सगळेच बिघडेल.

आवाजही पुष्कळ सांगतो. पेडल दाबताच घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये घरघर असून पेडल दाबताच थांबली तर गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग. चालता चालता एखादाच गिअर आपोआप निसटत असेल, तर मात्र मिस्त्रीकडे जाणे भागच.

आणि क्लच सुटत नसताना रानातच अडकलात, तर इंजिन बंद करून पहिला गिअर टाका, पुढे कोणी नाही हे पाहून सेल्फ मारा. गाडी धक्का देऊन निघेल. तशीच हळूहळू, गिअर न बदलता, घरापर्यंत आणता येते.