खारीची शिकार : बंदूक कोणती, साद कोणती



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही बोनसवर, महागाईभत्त्यावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलू असे त्यांना वाटले असणार. त्या विषयांवर आम्ही वर्षातले तीनशे दिवस गेटसभांत बोलतोच. आज बोलायचे आहे ते अमेरिकेतल्या खारीच्या शिकारीवर. विषय ऐकून काही मंडळी हसली, काहींच्या कपाळाला आठी पडली. आठीचे कारण उघड आहे. सेतू बांधताना वाळू वाहणारी खार आपल्या घराघरांत लहानपणापासून येऊन बसलेली आहे. खारीचा वाटा हा शब्द तर आमच्या वर्गणीच्या प्रत्येक आवाहनात असतो. त्या खारीवर बंदूक रोखायची ही कल्पनाच आपल्याला सोसत नाही.

पण ज्या मुलखात ही शिकार चालते तो मुलूख आमच्यासारख्याच कष्टकऱ्यांचा आहे. आमचा भाचा ओहायो राज्यात नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो असता, कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेल्या एका कामगाराची ओळख झाली. संघटनेत आयुष्य घातलेला माणूस. भाषा अर्धी कळे, अर्धी कळत नसे, पण संपाच्या गोष्टी निघाल्या की दुभाष्या लागत नसे. त्याने आम्हांला सप्टेंबरात पूर्व केंटकीतल्या डॅनियल बून राष्ट्रीय वनात दोन दिवस बरोबर नेले. आमच्याजवळ परवाना नव्हता, म्हणून बंदूक नव्हती. आम्ही नुसते बसलो, पाहिले आणि विचारले. त्यातून आणि नंतरच्या वाचनातून जे कळले ते सांगतो.

तिकडे खारीच्या मुख्यतः दोन जाती मारतात. एक करडी खार, वजनाने अर्धा किलोच्या आसपास. दुसरी तांबूस पोटाची, तिला कोल्हेखार म्हणतात, ती किलोपर्यंत भरते. सोलून साफ केल्यावर जेमतेम निम्मे मांस उरते. पाच-सहा खारींवर एका घराचा रस्सा होतो. केंटकीत बर्गू नावाची जी जाड आमटी मोठ्या कढयांतून रटरटते, तिच्यात पूर्वी खारीचे मांस हमखास असे. खाणीच्या वस्त्यांत घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, पगारही कंपनीच्या चिठ्ठ्यांत. संप झाला की दुकान बंद आणि बिऱ्हाड रस्त्यावर. त्या दिवसांत डोंगरातली खार हेच मुलांच्या ताटातले मांस. 1921 साली वेस्ट व्हर्जिनियात ब्लेअर पर्वतावर सुमारे दहा हजार खाणकामगार खाणमालकांच्या सशस्त्र माणसांसमोर उभे ठाकले, तेव्हा त्यांतल्या पुष्कळांच्या हातांत घरचीच शिकारीची बंदूक होती. त्याआधी 1862 साली यादवी युद्धात सिनसिनाटी शहरावर संकट आले, तेव्हा ओहायोच्या राज्यपालांच्या हाकेला खेड्यापाड्यांतून पंधरा हजारांवर माणसे धावून आली. इतिहासात त्यांचे नावच 'खारीचे शिकारी' असे पडले.

आता बंदुकीकडे वळू. जुन्या काळी ही निवड गरिबीने केली. पेन्सिल्व्हेनियात वसलेल्या जर्मन कारागिरांनी अठराव्या शतकात लांब नळीची, आत पिळदार खाचा असलेली बंदूक घडवली. शिसे आणि दारू महाग, म्हणून पुढे लहान गोळीच्या नळ्या होऊ लागल्या. अशा बारीक नळीच्या ठासणीच्या बंदुकीला खारीची बंदूकच म्हणत. खारीला न लागता तिच्या पोटाखालच्या सालीवर गोळी बसवायची, धक्क्याने खार मरते आणि मांस शाबूत राहते, ही त्या काळच्या नेमबाजांची करामत. डॅनियल बूनने ती आपल्यासमोर करून दाखवली असे पक्ष्यांचे चित्रकार ऑडुबॉन यांनी लिहून ठेवले आहे.

आजचा शिकारी दोहोंतून एक निवडतो : छऱ्यांची बंदूक किंवा बावीसची रायफल. आमच्या यजमानाने पहिल्याच दिवशी उलट प्रश्न केला, "झाडावर पाने आहेत की गळली आहेत?" सगळा हिशेब या प्रश्नात आहे.

केंटकीत हंगाम ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो. तेव्हा रान गच्च हिरवे असते. खार पानांआड क्षणभर दिसते, लगेच फांदीवरून पळते. थांबून नेम धरायला वेळच मिळत नाही. येथे छऱ्यांची बंदूक चालते, कारण ती एका गोळीऐवजी छऱ्यांचा झोत सोडते. तिची मापे नवख्याला बुचकळ्यात टाकतात. बारा नंबर म्हणजे नळीच्या व्यासाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात. वीस नंबरच्या तशा वीस लागतात. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक. याला अपवाद चारशे दहाचा. तो आकडा सरळ इंचाचा, म्हणजे 0.410 इंच. बारा नंबर दूरवर भरपूर छरे टाकते, पण जड असते आणि खांद्याला धक्का देते. वीस नंबर हलकी आणि खारीला पुरेशी. चारशे दहा पोरांच्या हाती देतात, कारण धक्का कमी. पण तिच्यात छरेही थोडेच मावतात, म्हणून नेम चुकला की जनावर जखमी होऊन निसटते. नवशिक्याला सर्वांत अवघड बंदूक द्यायची ही चूक तिकडचे बाप नेहमी करतात, असे यजमान म्हणाला. आपल्याकडेही नव्या पोराला जुनाट यंत्रावर उभे करतातच.

छऱ्यांत सहा नंबरचा छरा बहुतेकांच्या पसंतीचा. त्याची जाडी पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास. त्याहून बारीक छरा खारीच्या चिवट कातड्याला पुरा पडत नाही आणि मांसात राहून दाताखाली येतो. नळीचे तोंड थोडे आवळलेले असावे, म्हणजे झोत फार पसरत नाही. तरीसुद्धा तीस-पस्तीस वारांपलीकडे मारू नये.

ऑक्टोबरच्या अखेरीस पाने गळतात. रान उघडे पडते, खार लांबून दिसते आणि तिलाही आपण लांबून दिसतो. येथे बावीसची रायफल. तिचे आजचे काडतूस 1887 सालापासून चालत आले आहे. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, काडतूस स्वस्त, आवाज बेताचा, धक्का नाहीच म्हटले तरी चालेल. नेम डोक्याचा धरायचा. ते रुपयाच्या नाण्याहून फार मोठे नसते. लागले तर जनावर तत्काळ मरते आणि मांस वाया जात नाही. नाही लागले तर साफ चुकते. म्हणून रायफलवर छोटी दुर्बीण बसवतात आणि पन्नास वारांवर नेम पक्का करून घेतात. एकदम गोळ्या सुटणाऱ्या रायफलीही मिळतात. यजमानाची मात्र जुनी, प्रत्येक वेळी कडी ओढून एकच काडतूस भरायची. तो म्हणाला, दुसरी गोळी झटकन सुटणार नाही हे ठाऊक असले की माणूस पहिली जपून सोडतो. 2002 साली आलेले सतराचे काडतूस याहून फार वेगवान. ते लांब मारते, पण अंगावर लागले तर लहान जनावराचे खाण्याजोगे काही ठेवत नाही.

दोन इशारे येथेच देतो. पहिला पल्ल्याचा. बावीसची गोळी दिसायला खेळण्यासारखी, पण वर रोखून सोडली तर दीड किलोमीटरपलीकडे जाऊ शकते. खार झाडावर असते, म्हणजे नळी वरच असते. म्हणून तिच्यामागे जाड बुंधा किंवा डोंगराचा उतार असेल तरच चाप ओढायचा. मागे नुसते आभाळ दिसत असेल तर खार सोडून द्यायची. दुसरा इशारा शिशाचा. पूर्वी छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांचे आणि आता बॅटरीच्या कारखान्यातल्यांचे शिशाने काय होते ते आम्ही जवळून पाहिले आहे. शिशाची गोळी मांसात बारीक कण सोडते आणि ते पोरांच्या पोटात जातात. कॅलिफोर्निया राज्याने शिकारीत शिशाचा दारूगोळा 2019 सालापासून पूर्ण बंद केला. पोलादाचे आणि इतर धातूंचे छरे मिळतात. ते महाग पडतात, एवढीच अडचण.

हे झाले बंदुकीचे. आता साद. खारीशी तिच्याच बोलीत बोलण्याचे साधन, त्याला तिकडे 'कॉल' म्हणतात. खारीला बोली आहे, आणि ती आपण समजतो त्याहून बरीच मोठी आहे. बहिरी ससाणा दिसला तर एक आवाज, जमिनीवर मांजर-कुत्रे दिसले तर दुसरा. पिलू सापडले तर किंकाळी वेगळी. त्याप्रमाणे सादेची साधने तीन प्रकारची.

पहिले रबरी भात्याचे. लहान भाता, पुढे लाकडी नळी, आत पातळ जीभ. हातावर थोपटले की 'कुक्-कुक्' असे खारीचे भुंकणे निघते, हलवले की चरचर निघते. हे सर्वांत सोपे आणि दोन्ही हंगामांत उपयोगी. दुसरी शिटी. तिने पकडलेल्या पिलाची किंकाळी काढतात आणि त्याच वेळी पाल्याची डहाळी जमिनीवर आपटतात, म्हणजे ससाण्याच्या पंखांचा झपाटा वाटतो. उन्हाळ्यात जन्मलेली पिले ज्या दिवसांत नुकती घरट्याबाहेर पडतात, त्या दिवसांत मोठ्या खारी हे ऐकून धावत येतात किंवा ओरडून आपला ठाव सांगतात. हिवाळ्यात पिलेच नसतात, तेव्हा ही शिटी कोण खरी मानणार? तिसरे साधन कवच कुरतडण्याचा आवाज काढणारे. अक्रोडाच्या कुळातले हिकरी नावाचे झाड तिकडे आहे. त्याचे टणक फळ खार दातांनी कुरतडते तेव्हा कर्रकर्र आवाज होतो. आट्याच्या स्क्रूवर काडी घासून तो काढतात. म्हाताऱ्यांना विकतचे लागत नाही. दोन नाण्यांच्या दातेरी कडा एकमेकींवर घासल्या की झाले. यजमान हेच करी.

पण साद विकत घेणे सोपे, आवरणे कठीण. आत शिरून वीस मिनिटे हलू नये. रान आपल्याला विसरले की मग एकदा-दोनदा साद द्यावी आणि पुन्हा गप्प राहावे. सादेचा खरा उपयोग गोळीनंतर होतो. बार झाला की सगळे रान चिडीचूप होते. तेव्हा थोड्या वेळाने कुरतडण्याचा आवाज ऐकू आला की बाकीच्या खारींना वाटते, संकट टळले, कुणीतरी जेवायला बसले आहे. सतत भाता थोपटत बसणाऱ्याला मात्र खारी फार लवकर ओळखतात. न थांबता भाषण करणाऱ्या पुढाऱ्याचे कामगार काय करतात, ते येथे सांगायला नको.

आता आमच्या चुकीची गोष्ट सांगतो, कारण तीतून आम्ही सर्वांत जास्त शिकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी धुके होते. चाळीस पावलांवरच्या झुडपातून 'कुक्-कुक्' ऐकू आले. करड्या रंगाचे काहीतरी हलले. आम्ही उत्साहाने बोट दाखवून कुजबुजलो, "ती पाहा खार!" यजमानाने बंदूक उचलली नाही. आमचा हात धरून खाली केला आणि मोठ्याने हाक मारली. झुडपातून एक दहा-बारा वर्षांचा पोरगा उभा राहिला. डोक्यावर करडी लोकरी टोपी, हातात भाता. मागून त्याचा बाप आला. दोघांनी हसून रामराम केल्यासारखे हात केले आणि निघून गेले. आम्ही मात्र बराच वेळ उठू शकलो नाही. आमच्या हातात त्या क्षणी बंदूक असती तर?

यजमान तेव्हा एवढेच म्हणाला, "आवाजावर कधी मारायचे नाही. साद चांगली असेल तर ती माणसालाही फसवते." खारीच्या हंगामात नारिंगी टोपीची सक्ती सगळीकडे नसते, पण ती घालावीच. तो भडक रंग खारीला आपल्यासारखा दिसतच नाही, म्हणजे तोटा काही नाही. सक्ती नाही म्हणून संरक्षणाचे साधन वापरायचे नाही, ही खोड आम्ही आपल्या कारखान्यांतही रोज पाहतो, आणि तिची किंमत कोण भरतो हेही पाहतो.

शेवटी कायद्याचे. इंग्लंडात 1671 च्या कायद्याने शिकारीचा हक्क साधारणपणे वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची जमीन असणाऱ्याला दिला, बाकीचे सगळे चोर. अमेरिकेत गेलेल्या गरिबांनी ती चाल मोडली. पण मोकळीक मिळताच त्यांनी रान ओरबाडले, हेही खरे. मग मर्यादा आल्या. केंटकीत माणशी दिवसाला सहा खारी, त्याही परवाना काढून. 1937 साली पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. त्याने शिकारीच्या बंदुका आणि काडतुसे यांवरचा अकरा टक्के कर वन्यप्राणी जपण्यासाठी राज्यांना मिळतो, आणि परवान्याची फी दुसरीकडे वळवणाऱ्या राज्याला त्यातले काही मिळत नाही. तेव्हा तिकडच्या शिकाऱ्याचाही रानात खारीचा वाटा आहे.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. भीमाशंकरचे अभयारण्य 1985 साली झाले, आणि तिथला शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. त्याच्यावर कुणी गलोलसुद्धा उचलू नये, असेच आम्ही म्हणू. मात्र ज्या आदिवासींची भाकरी त्या रानाशी बांधलेली होती, त्यांना त्या बदल्यात काय मिळाले, हा हिशेब अजून पुरा झालेला नाही. तो मागत राहणे आमच्या कामाचा भाग आहे.

परतताना यजमानाच्या पिशवीत चार खारी होत्या, कायद्याने आणखी दोन चालल्या असत्या. आम्ही विचारले, सहा का नाही? तो म्हणाला, "घरी आम्ही दोघेच आहोत." इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.