दूरचा हुकूम, जागेवरची कळ

राजगडाच्या पायथ्याशी असलेल्या गुंजवण्यासारख्या डोंगराळ गावाची कल्पना करा. घर वर, शेताची मोटर खाली पाण्याकाठी. थ्री-फेज वीज रात्रपाळीला आली की बॅटरी घेऊन विंचवाकाट्याच्या वाटेने खाली उतरायचे आणि बटण दाबायचे. वीज गेली, की परत आल्यावर पुन्हा तीच पायपीट. ती वाचवणारा मोबाइल स्टार्टर आता अनेकांच्या परिचयाचा आहे. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या अशाच ‘नॅनो गणेश’ या यंत्राला 2009 साली नोकियाच्या स्पर्धेत पारितोषिकही मिळाले.

या पेटीत सिमकार्ड घातलेला मोडेम असतो. मोडेम म्हणजे दुभाष्या. यंत्राची भाषा तो तारेतून किंवा हवेतून जाईल अशा लहरींत बदलतो आणि आलेल्या लहरी पुन्हा उलगडतो. 1981 साली अमेरिकेतल्या हेज कंपनीने स्मार्टमोडेम आणला आणि मोडेमला अक्षरांत हुकूम देण्याची रीत रूढ झाली. हुकमाची सुरुवात ‘एटी’ने, म्हणजे ‘अटेन्शन’, लक्ष दे! पुढे ‘डी’ असेल तर नंबर फिरव, ‘ए’ असेल तर फोन उचल. मोबाइलच्या मोडेमनेही हीच भाषा उचलली. पेटीतली चिप या भाषेत मोडेमकडून आपला निरोप मागून घेते आणि रिले ओढते. मग मोटर सुरू होते.

खरा प्रश्न पुढेच आहे. हुकूम कोणाचा मानायचा? म्हणून पेटी बसवताना आधी घरच्या माणसांचे नंबर नोंदवावेत. कारखान्यातून आलेला पासवर्ड लगेच बदलावा. नुसत्या नंबरावर विसंबू नये, कारण फोन करणाऱ्याचा नंबर खोटा दाखवता येतो. दुसरे, उलट निरोप यायलाच हवा. हुकूम पोचला म्हणजे पाणी चढले असे नाही. एखादा फेज गेला असेल किंवा विहीर आटली असेल, तर मोटर आपोआप थांबून तसे कळले पाहिजे.

तिसरी गोष्ट जिवाशी गाठ असलेली. फिटर मोटर उघडून बसला आहे आणि पुण्याहून मुलाने फोन लावला, तर? म्हणून दुरुस्तीआधी मेन स्विच पाडून फ्यूज काढून घ्यावेत आणि ते खिशात ठेवावेत.

ही काळजी फक्त शेतापुरती नाही. डिसेंबर 2015 मध्ये युक्रेनमध्ये घुसखोरांनी दुरूनच वीज उपकेंद्रांचे ब्रेकर उघडले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. वीज परत आली ती कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांवर जाऊन हाताने ब्रेकर जोडले तेव्हा. तेव्हा दुरून हुकूम चालवण्याची सोय जरूर करा, पण शेवटचा शब्द यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाचाच राहू द्या.