वेशीच्या आत

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उत्तनची बस धरली, की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं मागे पडतात आणि डोंगरी येते. मुंबईत जे.जे. रुग्णालयाच्या अलीकडे-पलीकडे आहे ती डोंगरी वेगळी. ही मीरा-भाईंदरची, शेतीवाडीची आणि समुद्राच्या वाऱ्याची. इथलं बेथलेहेम मातेचं चर्च १६१३ सालचं आहे. कॅथलिक उपासनेत वाचनांचं तीन वर्षांचं चक्र असतं. त्या चक्रात दर तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरातल्या एका रविवारी, दिवाळी तोंडावर आलेली असताना, लूकच्या शुभवर्तमानातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट वाचली जाते. दहा जण गावाबाहेर लांब उभे राहतात. जवळ यायची त्यांना मुभा नाही, म्हणून लांबूनच ओरडून दयेची याचना करतात. येशू त्यांना सांगतो, जा आणि स्वतःला याजकांना दाखवा. वाटेत चालता चालताच ते बरे होतात. आभार मानायला मागे फिरतो तो एकटा, आणि तोही परका शोमरोनी.

प्रवचन बहुधा त्या एकट्याच्या कृतज्ञतेवर होतं. मला मात्र कायम अडतं ते आधीच्या वाक्यापाशी. बरे झाले तर ते थेट घरी का गेले नाहीत? याजकांकडे का पाठवलं? याचं उत्तर जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात आहे. कातडीवरचा चट्टा तपासून माणसाला वेशीबाहेर काढण्याचा अधिकार याजकाचा होता, आणि बरा झाला म्हणून त्याला पुन्हा आत घेण्याचाही त्याचाच. चट्टा जाणं पुरेसं नव्हतं. गावाने "ये" म्हणायला हवं होतं.

आपल्याकडच्या कुष्ठरोगाचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास याच दोन गोष्टींमधल्या अंतराचा आहे. औषध मिळालं, रोग बरा होऊ लागला, आणि बरा झालेला माणूस वेशीबाहेरच उभा राहिला. त्याला आत आणण्यासाठी ज्यांनी संस्था काढल्या, त्यांत काहींनी आसरा दिला आणि थोड्यांनी काम दिलं. हा लेख त्या थोड्यांविषयी आहे.

आधी रोगाविषयी, कारण जुने गैरसमज अजून घट्ट आहेत. कोकणात याला रगतपिती म्हणत, देशावर महारोग. दैवी शाप, पूर्वजन्मीचं पाप, बिघडलेलं रक्त, अशी कारणं पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. खरं कारण एक जंतू आहे. नॉर्वेतल्या बर्गन शहरात हॅन्सन या डॉक्टरने तो १८७३ मध्ये शोधला. हा जंतू कमालीचा संथ. एकाचे दोन व्हायला त्याला बारा-चौदा दिवस लागतात, त्यामुळे संसर्ग झाल्यावर लक्षणं दिसायला सरासरी पाच वर्षं, कधी वीससुद्धा लागतात. बहुतेक माणसांच्या शरीरात त्याच्याविरुद्ध उपजतच प्रतिकारशक्ती असते. हात मिळवल्याने, शेजारी जेवल्याने हा रोग जडत नाही.

या जंतूला थंड जागा आवडतात, म्हणून तो कातडीत आणि कातडीजवळच्या नसांमध्ये घर करतो. खरी हानी नसांची होते. कोपराजवळची नस गेली की करंगळी आणि अनामिका आत वळतात, गुडघ्याखालची गेली की पाऊल लोंबकळतं, चेहऱ्याची गेली की पापणी मिटत नाही. आणि सगळ्यांत घातक म्हणजे दुखणं थांबतं. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडीवर बोंबील टांगणारी, जाळ्याचा दोर ओढणारी माणसं पाहिली की मला हे नीट कळतं. दोराने तळहात सोलला तर आपण दोर सोडतो. माशाचा काटा रुतला तर हात झटकतो. बधिर हाताला हे सांगणारं कुणी नसतं. तो दोर ओढतच राहतो, तापलेलं भांडं धरूनच राहतो. जखम होते, चिघळते, हाडापर्यंत जाते, हाड आखडत जातं. "बोटं झडतात" असं आपण म्हणतो. बोटं झडत नाहीत, न दुखणाऱ्या जखमांनी ती झिजत जातात. म्हणजे ज्या हातांवर पोट, तेच हात हा रोग आधी गाठतो. इथे स्वावलंबनाचा प्रश्न उपचारानंतर कधीतरी सवडीने हाताळण्यासारखा नाही. तो रोगाच्या गाभ्यातच आहे.

१८८९ मध्ये हवाई बेटांपैकी मोलोकाईवर फादर डेमियन वारले. कुष्ठरुग्णांची सेवा करता करता त्यांनाही हा रोग जडला होता. त्या बातमीने युरोपभर सहानुभूती उसळली आणि भीतीही. इंग्लंडमध्ये निधी उभा राहिला आणि त्यातून एक तज्ज्ञ मंडळ हिंदुस्थानात तपासणीसाठी आलं. त्याच सुमारास, १८९० मध्ये, मुंबईच्या माटुंगा-वडाळा भागात बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान सुरू झालं. त्यामागे होते तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅक्वर्थ. मराठी वाचकाला हे नाव दुसऱ्याच कारणाने ठाऊक असेल: शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापणारे ते हेच. त्यांच्या नावाचं कुष्ठरुग्णालय वडाळ्यात आजही आहे.

तज्ज्ञ मंडळाचा निष्कर्ष असा होता की संसर्गाचा धोका फार थोडा आहे आणि सक्तीने वेगळं ठेवण्याची गरज नाही. तरीही १८९८ मध्ये कुष्ठरोग्यांसाठीचा कायदा झाला. भीक मागणारा माणूस कुष्ठरोगी दिसतो असं पोलिसाला वाटलं, तर वॉरंटशिवाय पकडता येत असे. त्या कायद्यातलं धंद्यांचं कलम वाचलं की अंगावर काटा येतो. सरकारने आदेश काढला की कुष्ठरुग्णाने विकण्यासाठी अन्न वा कपडे बनवायचे नाहीत, सार्वजनिक विहिरीचं पाणी काढायचं नाही, भाड्याची गाडी हाकायची नाही. काम करून जगायची वाट कायद्यानेच बंद केली, आणि भीक मागितली म्हणून धरलंही त्याच कायद्याने. हा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं.

वाट उघडण्याचा पहिला मोठा प्रयत्न विदर्भात झाला. १९३६ मध्ये विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. त्या काळी या कामात बहुतेक मिशनरीच होते. रुग्णांना हात लावायलाही लोक धजत नव्हते, आणि दिवाण जखमा धुवत होते, त्याचबरोबर शेती आणि सूतकताई उभी करत होते. जवळच सेवाग्रामला कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री गांधीजींच्या आश्रमात राहिले, आणि गांधीजी स्वतः त्यांना मालिश करत. त्याचं छायाचित्र सर्वांना ठाऊक आहे. दिवाणांचं नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि याची मला खंत वाटते. अमरावतीच्या तपोवनाचे डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांच्या बाबतीतही असंच झालं. मराठी मनात कुष्ठसेवा म्हटलं की एकच नाव येतं, आणि ते येणं स्वाभाविकही आहे.

बाबा आमट्यांची कथा पुन्हा सांगायला नको. वरोऱ्याचे वकील, नगरपालिकेचे उपाध्यक्ष, गटारात मरायला टेकलेला कुष्ठरुग्ण तुळशीराम पाहून आधी पळालेले आणि मग परत फिरलेले. १९५१ च्या जूनमध्ये सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन साधनाताईंसह ते दगडाळ माळावर, आजच्या आनंदवनात, राहायला गेले, हे शाळकरी मुलालाही पाठ असतं. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतर घडलं ते. त्यांनी आधी विहीर खणली. ज्यांच्या हातांत बोटं पुरेशी नव्हती, त्यांनी पहार धरली. भाजी पिकली, पण सुरुवातीला वरोऱ्यात ती कुणी विकत घेईना. वर्गणी आणि जुने कपडे द्यायला लोक तयार होते, पण कुष्ठरुग्णाच्या हातची वांगी घ्यायला नव्हते. दान देताना देणाऱ्याचा हात वर राहतो. खरेदीत दोघे बरोबरीने उभे राहतात. म्हणून आनंदवनातल्या पहिल्या विकल्या गेलेल्या भाजीचं मोल मी कुठल्याही देणगीपेक्षा जास्त मानतो. पुढे आनंदवनात हातमाग, सुतारकाम, दूधदुभतं, शाळा, महाविद्यालय उभं राहिलं. महाविद्यालयात शिकायला गावातली मुलं वेशीबाहेरच्या माणसांच्या वसाहतीत येऊ लागली. उलटा प्रवास सुरू झाला.

हाताला काम द्यायचं तर हात चालला पाहिजे. तमिळनाडूत वेल्लोरला पॉल ब्रँड या शल्यविशारदाने दाखवून दिलं, की एका चांगल्या स्नायूचा कंडरा वळवून बसवला तर वाकडी बोटं सरळ होतात, माणूस पुन्हा मूठ वळतो. पण शस्त्रक्रिया होऊन गेलेले काही रुग्ण परत येऊन म्हणू लागले, हे हात आता भीक मागायच्या कामाचे राहिले नाहीत. वाकडा हात पाहून लोक पैसे टाकत, सरळ हाताला कोण देणार? आणि कामावर घ्यायला तर कुणीच तयार नव्हतं. म्हणून मग ब्रँडना दवाखान्याच्या आवारातच सुतारकाम शिकवण्याची सोय करावी लागली. शस्त्रक्रिया आणि रोजगार यांना वेगळं करून चालत नाही, हे त्यांना रुग्णांनीच शिकवलं.

महाराष्ट्रात हे काम डॉ. नोशिर अँटिया यांनी केलं. इंग्लंडहून प्लास्टिक सर्जरी शिकून आल्यावर ते पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात काम करू लागले आणि पुढे मुंबईच्या जे.जे.त त्यांनी विभाग उभा केला. कुष्ठरुग्णांना सर्वसाधारण वॉर्डात, इतर रुग्णांच्या शेजारच्या खाटेवर ठेवायचं, हा त्यांचा आग्रह. माझ्या मते हीच त्यांची सर्वांत मोठी शस्त्रक्रिया. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला चहा प्यायला देताना जे कळतं, ते भिंतीवरच्या फलकातून कळत नाही.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. आर. गणपती यांच्या बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्टने १९७६ पासून घरोघर जाऊन रुग्ण शोधले. अलर्ट-इंडियानेही १९७८ पासून हेच काम केलं. पाठोपाठ १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला: रिफाम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन. चट्टे थोडे असतील तर सहा महिने, जास्त असतील तर वर्षभर. गोळ्यांच्या पहिल्या मात्रेनंतर लवकरच रुग्णाकडून रोग पसरणं थांबतं. देशात दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट २००५ च्या अखेरीस गाठलं गेलं आणि कुष्ठरोग "निर्मूलन" झाल्याचं जाहीर झालं. या शब्दाने नुकसानही केलं. अनेकांना वाटलं, संपलं. प्रत्यक्षात आजही भारतात वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक. आपल्या राज्यात गडचिरोली, चंद्रपूर आणि आपल्या शेजारचा पालघर या जिल्ह्यांत हा रोग अजून ठाण मांडून आहे.

आणि कायदा? २०१९ पर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं, हिंदू विवाह कायद्यात तसंच ख्रिश्चनांच्या कायद्यातही. म्हणजे गोळ्यांनी बरा होणारा रोग झाला म्हणून डोंगरीच्या चर्चमध्ये लागलेलं लग्नही कोर्टात मोडता येत होतं. त्या वर्षी संसदेने पाच कायद्यांतून ते कारण काढून टाकलं. ओडिशात तर एका निवडून आलेल्या माणसाचं नगरपालिकेतलं पद कुष्ठरोगामुळे गेलं आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं. औषध शोधणाऱ्यांनी आपलं काम तीस वर्षं आधीच केलं होतं. याजक मात्र अजून चट्टाच तपासत होते.

ज्या संस्थांचं मी इथवर मनापासून कौतुक केलं, त्यांच्याविषयी एक अवघड गोष्टही सांगायला हवी. देशात शेकडो कुष्ठवसाहती आहेत. तिथे बरे झालेले म्हातारे आहेत, त्यांची कधीच आजारी न पडलेली मुलं आहेत आणि नातवंडं आहेत. नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिला की चेहरे बदलतात. आश्रमाने माणसाला काम दिलं, मान दिला, पण घरचं दार उघडलं नाही, म्हणून तो आयुष्यभर आश्रमातच राहिला. ही चूक आश्रमाची नाही, आपली आहे. म्हणूनच अलीकडचे दोन प्रयत्न मला जवळचे वाटतात. एक, २००६ मध्ये सुरू झालेलं ससाकावा-इंडिया लेप्रसी फाउंडेशन, जे वसाहतींतल्या कुटुंबांना छोट्या धंद्यासाठी भांडवल मिळवून देतं आणि मुलांच्या शिक्षणाकडे पाहतं. दुसरा, बाधित व्यक्तींनी स्वतः उभारलेली राष्ट्रीय संघटना. तिथे बोलणारे, मागणी करणारे, सरकारशी भांडणारे तेच आहेत. आता त्यांच्यासाठी कुणी दुसऱ्याने लांबून ओरडायची गरज नाही.

डोंगरी, उत्तन, भाईंदरच्या वाचकांना मला एवढंच सांगायचं आहे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तिथे घाम येत नसेल, केस गळले असतील, टाचणीचं टोक वा कापसाचा स्पर्श कळत नसेल, तर जवळच्या पालिका दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. घरात कुणाला निदान झालं तर घरातल्या बाकीच्यांना रिफाम्पिसिनचा एक प्रतिबंधक डोस देता येतो, तोही मागून घ्या. आशाताई दारात आल्या आणि अंग दाखवा म्हणाल्या, तर त्यांना परत पाठवू नका. आणि गोळ्यांचा कोर्स पूर्ण करून कुणी पुन्हा कामावर आला, तर त्याला त्याच जागेवर, त्याच दोराला, तुमच्या शेजारी उभं करा.