कोथिंबीर : चिमूट आणि जुडी

मंडईत टोमॅटो, वांगी, मिरच्या पिशवीत पडल्या की गिऱ्हाईक हक्काने म्हणते, ‘मावशी, वर थोडी कोथिंबीर टाका की.’ चार काड्या पडतातही. अशी फुकट आलेली कोथिंबीर घरी आल्यावरही वरच राहते. पोह्यांवर, आमटीवर, मिसळीवर. त्यामुळे पुष्कळांच्या लेखी ती नुसती शोभेची. दुसरीकडे मोबाइलवर रोज वेगळेच वाचायला मिळते. कोथिंबिरीचा रस शरीरातले शिसे-पारा धुऊन काढतो, धण्याचे पाणी थायरॉइड घालवते, साखर उतरवते. कोथिंबिरीला शोभेची म्हणणारे आणि तिला औषध म्हणणारे, दोघेही ती किती खाल्ली याचा हिशेब करत नाहीत.

तो हिशेब आधी करायला हवा. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यानुसार 100 ग्रॅम ताज्या कोथिंबिरीत सुमारे 92 ग्रॅम पाणीच असते. उरलेल्यात ‘क’ जीवनसत्त्व सुमारे 27 मिलिग्रॅम, ‘के’ जीवनसत्त्व सुमारे 310 मायक्रोग्रॅम, लोह पावणेदोन मिलिग्रॅमच्या आसपास आणि बीटा कॅरोटीन जवळजवळ 4 मिलिग्रॅम. पोह्यांच्या बशीवर भुरभुरलेली कोथिंबीर फार तर 5 ग्रॅम भरते. तिच्यातून मिळणारे लोह 0.1 मिलिग्रॅमही नाही, आणि भारतीय स्त्रीची रोजची शिफारस 29 मिलिग्रॅमची आहे. ‘रक्त वाढायला कोथिंबीर खा’ हा सल्ला म्हणून टिकत नाही.

पण तीच कोथिंबीर वडीत गेली की आकडे बदलतात. दोन भरघोस जुड्या निवडून, चिरून, बेसनात कालवून वाफवल्या, तर एकेकाच्या वाट्याला 40-50 ग्रॅम पाला सहज येतो. एवढ्यात ‘के’ जीवनसत्त्व दिवसाच्या गरजेच्या दुप्पट भरते, कॅरोटीनही मोलाचे मिळते. ‘क’ जीवनसत्त्व वाफेत बरेचसे जाते, मात्र ‘के’ आणि कॅरोटीन आचेला बऱ्यापैकी टिकतात. ही दोन्ही शरीरात मुरायला स्निग्धांश लागतो आणि वडी तेलात परततातच. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तिथली सांबारवडी खाणारा माणूस कोथिंबीर पालेभाजी म्हणून खात असतो. लोह मात्र इथेही मिलिग्रॅमच्या आत-बाहेरच. त्यासाठी ताटात दुसरे काहीतरी हवे.

इतिहासाबाबतही असाच गोंधळ आहे. मिरची, बटाटा, टोमॅटो पोर्तुगिजांच्या काळात समुद्रापलीकडून आले, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. त्या यादीत काही जण कोथिंबीरही ढकलतात. तिचा प्रवास नेमका उलटा आहे. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचा आणि पश्चिम आशियाचा पट्टा हा तिचा मूळ टापू मानतात. इस्राएलमधल्या नहाल हेमार गुहेत 8,000 वर्षांहून जुन्या थरात वाळलेले धणे सापडले. इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्यात, म्हणजे ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकाच्या अखेरीला, सुमारे अर्धा लिटर धणे ठेवलेले होते. कोथिंबीर इजिप्तमध्ये रानात उगवत नाही; म्हणजे तेव्हा तिथे तिची लागवड होत असावी, असे अभ्यासकांनी त्यावरून ताडले. ग्रीसमध्ये पायलॉस इथल्या राजवाड्यात सापडलेल्या मातीच्या एका पाटीवर तर अत्तराची तेले उकळणाऱ्या कारागिराला दिलेल्या धण्यांची नोंद आहे. ती पाटी ख्रिस्तपूर्व 1200 च्या सुमाराची.

भारतात पाणिनीच्या व्याकरणात ‘कुस्तुंबुरु’ हे तिचे नाव आहे आणि चरकसंहितेत ‘धान्यक’. पोर्तुगीज गोव्यात उतरले तेव्हा कोथिंबीर इथे दीड-दोन हजार वर्षे तरी नांदत होती, आणि त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकातही ती होतीच. आजही पोर्तुगालच्या आलेंतेजू भागात लसूण-कोथिंबिरीचे पावाचे सूप रोजच्या जेवणातले आहे. गोव्याच्या काफ्रेयालचा हिरवा मसाला कोथिंबिरीवरच उभा असतो. मेक्सिकोच्या जेवणात मात्र ती खरोखर बाहेरून आली, सोळाव्या शतकात, स्पॅनिश लोकांबरोबर. आज कोथिंबिरीशिवाय मेक्सिकन साल्सा अनेकांना अपुरा वाटतो, म्हणून ती तिकडचीच असे वाटून जाते. मिरची इकडे आली आणि कोथिंबीर तिकडे गेली.

ईशान्य भारतात मिळणारी लांब, दातेरी पानांची ‘कोथिंबीर’ ही वेगळी वनस्पती आहे. वास मिळताजुळता, पण मूळ अमेरिकेतले.

धण्याला सारेच बी म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने धणा हे फळ आहे. त्यात दोन अर्धुके जोडलेली असतात आणि प्रत्येकात एक बी असते. शेतकऱ्यांना हे पुस्तकावाचून माहीत आहे. पेरणीआधी धणे हलके रगडून त्यांच्या दोन डाळी करून घेतात. घरच्या कुंडीत आख्खे धणे खोचून ‘उगवतच नाहीत’ म्हणणाऱ्यांनी एकदा असे करून पाहावे.

‘कोथिंबीर नसेल तर धणेपूड घाला’ हा सल्ला पान आणि धणा एकच समजण्यातून येतो. झाड एक असले तरी वास दोन आहेत. हिरव्या पानांचा वास आल्डिहाइड गटातल्या संयुगांचा. फळ पिकत-वाळत जाते तसे ते वास मागे पडतात आणि लिनालूल नावाच्या सुगंधी द्रव्याचे प्रमाण वाढते. धण्याच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा त्याचाच असतो. म्हणून धणे भाजले की खुलतात आणि आमटी-रश्शाला बैठक देतात. पानांचा वास मात्र उकळीबरोबर उडून जातो. आच बंद केल्यावर कोथिंबीर घालण्याची घरोघरची रीत अगदी योग्य आहे.

या आल्डिहाइडांनी आणखी एक भांडण लावून दिले आहे. काही माणसांना कोथिंबीर साबणासारखी लागते. ताटातून पाने वेचून बाजूला काढणाऱ्याला घरात नखरेल ठरवतात, सासुरवाशीण असेल तर बोलणीही बसतात. हा तिच्यावर अन्याय आहे. साबणात आणि काही किड्यांच्या स्रावात असतात तशीच संयुगे कोथिंबिरीत असतात, आणि काही नाकांना ती जास्त ठळक जाणवतात. 2012 मध्ये ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या जनुक-तपासणी कंपनीने हजारो ग्राहकांची माहिती तपासली. साबणाचा वास येणाऱ्यांमध्ये, वास ओळखणाऱ्या जनुकांच्या एका पुंजक्याजवळचा ठरावीक फरक जास्त आढळला. मात्र सगळा दोष जनुकांवर टाकणे हाही गैरसमजच. त्याच अभ्यासात आनुवंशिकतेचा एकूण वाटा लहान निघाला. सवयीचा भाग मोठा दिसतो. त्याच वर्षी कॅनडातल्या टोरांटो इथल्या तरुणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्व आशियाई वंशाच्या 21 टक्के आणि युरोपीय वंशाच्या 17 टक्के तरुणांना कोथिंबीर नावडती होती. दक्षिण आशियाई वंशाच्या तरुणांत हे प्रमाण 7 टक्के होते. लहानपणापासून जिभेवर असलेली चव नाकाला ओळखीची होते, असा याचा अर्थ लावता येतो. तरी शंभरात सात माणसे उरतातच. त्यांच्यासाठी एक उपाय अन्नरसायनशास्त्रावर लिहिणाऱ्या हॅरॉल्ड मॅक्गी यांनी सुचवला आहे: कोथिंबीर चिरण्याऐवजी वाटावी. पाने ठेचली की त्यांतली विकरे आल्डिहाइडांना मोडतात. भेळेवरची कोथिंबीर नको म्हणणारा हिरवी चटणी मात्र मजेत खातो, त्यामागे हे कारण असू शकते.

औषधी दाव्यांकडे वळले की हेच आल्डिहाइड पुन्हा भेटतात. त्यांच्यातल्या डोडेसिनल नावाच्या रेणूवर 2004 मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी काम केले. प्रयोगशाळेत त्याने साल्मोनेला हा विषबाधा करणारा जिवाणू मारला. पुढे 2019 मध्ये अर्व्हाइनच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्याच रेणूने मेंदूतील काही पोटॅशियम वाहिन्या उघडल्या आणि उंदरांमधले झटके लांबवले. फेफऱ्यावर कोथिंबिरीचा उपयोग जुन्या लोकवैद्यकात सांगितलेला आहे, त्याला इथे एक धागा मिळाला. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत आणि महत्त्वाचेही. पण ते शुद्ध रेणूविषयी आहेत, ताटातल्या पानांविषयी नाहीत. बर्कलीच्या संशोधकांनीच सांगितले होते की विषबाधेवर परिणाम हवा असेल तर हॅम्बर्गरच्या वजनाइतकी कोथिंबीर त्याच्यासोबत खावी लागेल.

‘जंतुनाशक आहे, मग कशाला धुवायची’ हा समज तर धोक्याचा आहे. कोथिंबीर जमिनीलगत वाढते, ओल्या मातीत, आणि बहुतेक वेळा कच्चीच खाल्ली जाते. सायक्लोस्पोरा या परजीवीमुळे होणाऱ्या जुलाबांच्या साथींनंतर 2015 पासून अमेरिकेने मेक्सिकोच्या पुएब्ला राज्यातून येणाऱ्या ताज्या कोथिंबिरीवर एप्रिल ते ऑगस्ट अशी मोसमी बंदी घातली. मोठ्या भांड्यात भरपूर पाणी घेऊन, जुडी मोकळी करून, माती तळाशी बसेपर्यंत दोन-तीनदा पाणी बदलत धुणे याला पर्याय नाही. चिरायची ती धुतल्यावर.

शिसे-पारा काढण्याचा दावा 1990 च्या दशकातल्या काही तुरळक नोंदींवरून पसरला. पुढे शिशाच्या संपर्कात आलेल्या लहान मुलांना इराणमध्ये कोथिंबिरीचा अर्क देऊन पाहिला, तेव्हा तो नकली औषधापेक्षा सरस ठरला नाही. शरीरात शिसे साठले असेल तर त्यावर रुग्णालयात देण्याची औषधे आहेत. रसाचा पेला पीत वाट पाहण्यात मुलाचे नुकसान होते.

मधुमेहाबद्दल आधार थोडा अधिक आहे. 1999 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मधुमेही उंदरांची साखर धण्यांमुळे उतरली. त्यांच्या खाद्यात धण्याचे प्रमाण किलोमागे साडेबासष्ट ग्रॅम होते, शिवाय पाण्याऐवजी धण्याचा काढा. दिवसाला अर्धा किलो कोरडे अन्न खाणाऱ्या माणसाने हे प्रमाण पाळायचे म्हटले तर रोज तीसेक ग्रॅम धणे पोटात जायला हवेत. रात्री चमचाभर भिजवलेल्या धण्यांच्या पाण्याला हे आकडे लागू होत नाहीत. थायरॉइडच्या गोळ्या बंद करून धण्याचे पाणी सुरू करावे, असे सांगणारा भक्कम मानवी पुरावा नाही.

धण्याचे पाणी टाकाऊ आहे असा मात्र याचा अर्थ नव्हे. रात्रभर भिजवून सकाळी गाळलेल्या अशा पाण्याला आयुर्वेदात हिम म्हणतात आणि तहान, दाह यांवर ते सांगितले आहे. उन्हाळ्यात साखरेच्या बाटलीबंद सरबतापेक्षा ते केव्हाही चांगले. चरकसंहितेत धान्यक तहान शमवणाऱ्या द्रव्यांच्या गटात आहे आणि थंडी घालवणाऱ्यांच्याही. ‘धणे थंड असतात’ एवढ्या एका वाक्यात त्यांना बसवणारे ही दुसरी नोंद विसरतात. श्रीलंकेत सर्दीला धणे-आल्याचा गरम काढा घरोघर देतात, तो याच बाजूचा.

एक इशारा मात्र गांभीर्याने घ्यायला हवा. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिनसारखी गोळी घेणाऱ्यांनी कोथिंबिरीचा रस अचानक सुरू करू नये. त्यातले ‘के’ जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करते. रोजच्या आमटीवरची कोथिंबीर चालते. प्रमाण एकदम वाढवायचे असेल तर डॉक्टरांना विचारून.

सगळी कोथिंबीर सारखीच, असे म्हणणाऱ्यांनी गावठी आणि संकरित जुडी शेजारी ठेवून हुंगावी. लातूर जिल्ह्यातल्या कास्ती कोथिंबिरीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते तिच्या वेगळेपणासाठी. उन्हाळ्यात जुडी महाग होते त्यालाही झाडाचा स्वभाव कारण आहे. ऊन तापले आणि दिवस लांबला की कोथिंबीर पाला धरायचे सोडून लवकर फुलावर येते.

राहता राहिले देठ. निवडताना पाने खुडून देठ केरात टाकण्याची पद्धत फार घरांत आहे, आणि त्याने जुडीचा मोठा भाग वाया जातो. कोवळ्या देठांत पानांइतकाच वास असतो, कधी जास्तही. थायलंडमध्ये तर मुळेसुद्धा लसूण आणि मिऱ्यांबरोबर खलात कुटून वाटणात घालतात. आपल्याकडे देठ बारीक चिरून वडीच्या पिठात जातात, चटणीत वाटले जातात, आणि जाडसर उरलेले देठ रश्श्याला उकळी येताना जुडी बांधून सोडले तर चव उतरल्यावर काढून टाकता येतात.