दरोडा आणि जबरी चोरी : शब्दाबरोबर बदलणारे न्यायालय

गोरेगावात चौघांनी मारण्याचा धाक घालून एखाद्या दुकानदाराची रोकड हिसकावली, तर वृत्तपत्रात ‘दरोडा’ असा मथळा येतो. लोकभाषेला हा शब्द मान्य आहे, कायद्याला नाही. भारतीय न्याय संहितेनुसार ती ‘जबरी चोरी’ होय. दरोड्यास किमान पाच माणसे लागतात, आणि या पाचांत तेथे हजर राहून साहाय्य करणारेही मोजले जातात. दाराशी पाळत ठेवणारा पाचवा निघाला की गुन्ह्याच्या नावाबरोबर न्यायालयही बदलते.

जबरी चोरीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी असूनही तिचा खटला साधारणतः प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे, म्हणजे गोरेगावकरांच्या बाबतीत बोरिवलीस, चालतो. (मुंबईतील ‘महानगर दंडाधिकारी’ हा वर्ग नव्या नागरिक सुरक्षा संहितेत उरलेला नाही.) या दंडाधिकाऱ्यास तीन वर्षांहून अधिक कारावास देता येत नाही. अधिक शिक्षा योग्य वाटल्यास तो प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवितो; त्याची मर्यादा सात वर्षांची. न्यायालय ठरते ते केवळ शिक्षेच्या वर्षांवरून नव्हे, तर संहितेच्या अनुसूचीवरून.

दरोड्यास जन्मठेपही होऊ शकते, व खुनाप्रमाणेच त्याचा खटला सत्र न्यायालयात चालतो. पश्चिम उपनगरांसाठी ते गोरेगाव पूर्वेस दिंडोशी येथे आहे. तथापि आरोपी प्रथम उभा राहतो तो दंडाधिकाऱ्यापुढेच. दंडाधिकारी कागदपत्रांच्या नकला देऊन प्रकरण सत्र न्यायालयाकडे ‘सुपूर्द’ करतो. हा शब्द फारसीतला, अर्थ सोपविणे. नातेवाईक त्याच्याकडून निकालाची वाट पाहतात, पण तो अधिकारच त्याला नाही. जामिनाचेही तसेच. जन्मठेपेच्या गुन्ह्यात आरोपी दोषी असल्याचे मानण्यास वाजवी कारण दिसले, तर स्त्रिया, बालके, आजारी यांसारखे अपवाद सोडून, दंडाधिकाऱ्याचे हात बांधलेले असतात. चौघांचा वकील बोरिवलीतच जामीन मागू शकतो. पाचांच्या वकिलाला बहुधा दिंडोशी गाठावी लागते.

‘दखलपात्र’ या शब्दानेही असाच घोटाळा होतो. पुष्कळांना तो ‘गंभीर’ या अर्थाचा वाटतो. वस्तुतः पोलिसाला अधिपत्रावाचून अटक करता येते की नाही, एवढेच तो सांगतो. मोठ्या रकमेची चोरी दखलपात्र आहे. तरीही तिचा खटला कोणत्याही दंडाधिकाऱ्यापुढे चालू शकतो.

नव्या संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाल्या. त्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना १८६० ची भारतीय दंड संहिताच लागते. पाचांची अट तिच्यातही हीच आहे.